आठ खोक्यांचा कोपरा

६ जानेवारी

दादा,

फोन तू उचलत नाहीस, मेल उघडत नाहीस, म्हणून कागद. पत्ता वहिनीने दिला. तिच्यावर चिडू नकोस, तीन दिवस तिच्यामागे भुणभुण लावली तेव्हा कुठे दिला. माझं अक्षर तुला लागेल अशी आशा आहे. स्वतः डॉक्टर असून तू माझ्या अक्षराला नावं ठेवायचास, हे मी विसरलेले नाही.

इकडे सगळं ठीक. आईची खोली आवरायला घेतली आहे. काल कपाट उघडलं आणि बंद केलं, एवढी प्रगती झाली.

तू शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला लागलास म्हणे. परीक्षानळ्या धुतोस, आणि मुलांनी काही सांडलं की फडकं घेऊन धावतोस. वहिनी सांगताना हसत होती, पण ते हसू काही खरं नव्हतं. तुझ्या हॉस्पिटलात अजून दुसरा माणूस मिळालेला नाही. स्कॅन तिथे काढतात आणि वाचून घ्यायला चार तास लांब पाठवतात. पेशंट तोवर बाहेरच्या बाकावर बसून असतात. टेक्निशियनबाई म्हणाल्या, "डॉक्टरांची खुर्ची आम्ही कोणाला देत नाही." मी म्हटलं, देऊ नका.

आपला स्कॅन दाखवायचा प्रोग्राम छान चालला आहे. एक्केचाळीस हॉस्पिटलं झाली. ऑगस्टमध्ये नवं व्हर्जन पाठवलं, त्यात चित्र जास्त स्पष्ट दिसतं असं सगळे म्हणतात. साहेब खूश आहेत.

मामा त्या दिवशी जे बोलला ते मनाला लावून घेऊ नकोस. त्याची बहीण गेली होती. समोर जो दिसला असता त्याच्यावर तो घसरला असता. आम्ही कोणी त्याच्याशी बोलत नाही आता, हे तुला कळावं म्हणून सांगते.

आणखी एक सांगायचं होतं, पण ते पुढच्या वेळी. फार काही नाही.

तुझी,
ठिपके

१९ जानेवारी

दादा,

उत्तर नाही. बरं.

आज ऑफिसात एक नवी मुलगी आली. तिने विचारलं, "ताई, हा प्रोग्राम सुरू कसा झाला?" मी तिला नेहमीचं सांगितलं, गरज होती, केला. खरं सांगायला घेतलं असतं तर तुझ्यापासून सुरुवात करावी लागली असती.

तुझा तो फोन मला जसाच्या तसा आठवतो. "ठिपके, आमच्याकडे स्कॅनचं मशीन आलंय, पण कॉम्प्युटर बघशील तर रडशील. एकातही ग्राफिक्स कार्ड नाही. मोठ्या कंपनीचा प्रोग्राम लावला की पडदा काळा होतो आणि बसतं सगळं. तू काहीतरी कर ना गं." मी विचारलं, नवे कॉम्प्युटर मागून बघ ना. तू म्हणालास, "मागितले. पंखा दिला त्यांनी."

मग मी बसले. नव्या मुलीला काम कसं चालतं ते समजावलं, तेच परत लिहिते, मला बरं वाटतं म्हणून. स्कॅनमधून पावाच्या लादीचे काप निघावेत तसे तीनेकशे काप येतात. ते एकावर एक रचायचे आणि त्यातून हवं तसं फिरवता येईल असं भरीव चित्र काढायचं. कार्ड असलेल्या कॉम्प्युटरात हे काम करायला हजारो हात असतात. तुझ्याकडच्या डबड्यांमध्ये एकटा प्रोसेसर होता. पडद्यावरचा एकेक ठिपका त्यानेच मोजायचा आणि त्यानेच रंगवायचा. लहानपणी मी चौकटीच्या वहीत ठिपके भरून चित्रं काढायचे, तू चिडवायचास, आणि तेच नाव जन्माला चिकटलं. पोटापाण्यालाही शेवटी तेच आलं.

पहिलं चित्र एका जबड्याचं होतं. चार मिनिटं लागली. तू म्हणालास, "चांगलं आहे. मी चहा पिऊन, आंघोळ करून येतो." मी हट्टाने ते नऊ सेकंदांवर आणलं. साहेब म्हणाले, नऊ सेकंद कोण थांबतं? मग दोन युक्त्या केल्या. चित्र फिरवत असताना ते जाडंभरडं काढायचं आणि हात थांबला की बारीक काढायचं, ही पहिली. तुला ती फार आवडली होती. दुसरीही होती. तिच्यामुळे चित्र एका सेकंदाच्या आत यायला लागलं.

आणि तू गावभर दवंडी पिटलीस. ओळखीच्या, अनोळखी, प्रत्येक छोट्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरला फोन केलास. "माझ्या बहिणीने केलंय. लावून तर बघा." एक्केचाळीसपैकी तीस तरी तुझ्या तोंडाच्या वाफेवर आली आहेत. साहेबांनी त्याबद्दल तुला साधं धन्यवाद म्हटलं नाही.

आई स्टुलावरून पडली तो दिवस मला दिसत नाही, मी तिथे नव्हते. पण आईने फोनवर इतक्या वेळा सांगितलं की दिसल्यासारखाच आहे. पडदा लावायला चढली, कुशीवर आपटली, तू लगेच तिचा स्कॅन काढलास आणि तिला शेजारच्या खुर्चीवर बसवून पडद्यावर तिच्याच बरगड्या फिरवून दाखवल्यास. "हे बघ, तुझ्या लेकीने काढलेलं तुझं चित्र." आई म्हणाली, "एवढी हाडं आहेत होय माझ्यात! मग वजन हाडांचंच आहे, मी काही जाड नाही." सातव्या बरगडीला तडा सापडला. तिला पट्टा दिलास, गोळ्या दिल्यास आणि घरी आणलंस. एकेक काप बघायला तू त्या दिवशी बसला नाहीस.

दादा, चूक कोणाकडूनही होते. तू स्वतःला इतकं खाऊ नकोस.

ठिपके

२ फेब्रुवारी

दादा,

मागच्या पत्रात "चूक कोणाकडूनही होते" असं लिहून बसले. ते वाक्य मी तुझ्यावर उपकार केल्यासारखं लिहिलं. चूक कोणाकडूनही झाली नव्हती. माझ्याकडून झाली होती.

दुसरी युक्ती सांगते.

स्कॅनमध्ये बहुतेक जागा रिकामीच असते. अंगाबाहेरची हवा, छातीतली हवा. ती मोजण्यात प्रोसेसरने जीव का घालवायचा? म्हणून मी सगळ्या चित्राची छोटी छोटी खोकी पाडली. आठ ठिपके लांब, आठ रुंद, आठ उंच. प्रत्येक खोक्यासाठी, आत किती ठळक काही आहे हे सांगणारा एक आकडा आधीच काढून ठेवायचा. आकडा लहान असेल तर खोकं रिकामं समजायचं आणि आत न डोकावता पुढे जायचं.

प्रश्न एवढाच, की कोणता आकडा ठेवायचा. खोक्यातल्या सर्वांत ठळक ठिपक्याचा ठेवायला हवा होता. म्हणजे आत एवढंसं काही असलं तरी खोकं उघडावं लागलं असतं. मी आधी तसंच केलं होतं. पण जुन्या स्कॅनमशीनच्या चित्रात कचकच फार असते, प्रत्येक खोक्यात एखादा चुकार ठिपका निघायचा, सगळीच खोकी उघडायला लागायची आणि परत नऊ सेकंद. दुसऱ्या दिवशी साहेबांना दाखवायचं होतं. मी सगळ्या ठिपक्यांची सरासरी ठेवली. कचकच गेली, चित्र काचेसारखं स्वच्छ आलं, आणि सेकंदाच्या आत आलं. साहेबांनी टाळी वाजवली. त्या ओळीशेजारी मी लिहून ठेवलं होतं, "तात्पुरतं. नंतर बघू." ती ओळ तशीच राहिली.

आईच्या छातीतली, त्या स्कॅनमध्ये सुटलेली गाठ मटारच्या दाण्यापेक्षा लहान होती. तेवढी गाठ एका खोक्यात पूर्ण बसली असती तर सरासरी वर गेली असती आणि ती तुला दिसली असती. पण ती नेमकी जिथे आठ खोक्यांचे कोपरे मिळतात तिथे होती. प्रत्येक खोक्याच्या वाट्याला तिचा आठवा हिस्सा आला, बाकी सगळी हवा. आठही खोक्यांची सरासरी रिकामी निघाली. प्रोग्राम आठही वेळा न डोकावता पुढे गेला.

मी मोजलं आहे. आई टेबलावर दोन मिलिमीटर डावीकडे निजली असती तरी पुरे होतं. तिला जरा शिंक आली असती, तिने पाय हलवला असता, टेक्निशियनबाईंनी उशी सरकवली असती, काहीही. हे मी रोज मोजते, दादा. रोज दोनच मिलिमीटर येतात.

तुला वाटतं तू पाहिलं नाहीस. तू पाहिलंस. मी दाखवलं नाही.

ठिपके

३ फेब्रुवारी

दादा,

कालचं पत्र पेटीत टाकून घरी आले आणि लक्षात आलं, त्यातही मी लबाडी केली आहे. वाचणाऱ्याला वाटेल की हे मला आत्ता, अलीकडे कळलं.

मला जुलैमध्ये कळलं. आई जिवंत होती.

तिचा खोकला थांबेना म्हणून मोठ्या हॉस्पिटलात नेलं, तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आठ महिन्यांपूर्वीच्या स्कॅनमध्येही हे दिसायला हवं होतं. तू तिथेच जुने काप मागवलेस आणि बोट ठेवून दाखवलंस, इथे आहे, इथे आहे, इथेही आहे. म्हणालास, "मी बघितलं नाही." मी तुझ्या मागे उभी होते. घरी येऊन तोच स्कॅन मी प्रोग्रामात टाकला. गाठ नव्हती. तासाभरात मला ती ओळ सापडली.

ऑगस्टमध्ये मी ती दुरुस्त केली. सोबतच्या टिपणात लिहिलं, "चित्र अधिक स्पष्ट." पुढच्या पेशंटांचं भागलं. मागच्यांचं काय, ज्यांचे स्कॅन आधीच बघून बाजूला ठेवले होते? एक्केचाळीस हॉस्पिटलांत अशी माणसं असणार, गाठ छातीत घेऊन हिंडणारी, "काही नाही, घरी जा" ऐकून गेलेली. मला हे सुचलं नाही असं नाही. पहिल्याच दिवशी सुचलं. मी मूग गिळून बसले. आईच्या उशाशी बसून तिला पाणी पाजत होते आणि हे पोटात होतं.

ती गेल्यावर सगळे घरी जमले होते तेव्हाचं तर तू विसरणं शक्यच नाही. मामा भर माणसांत म्हणाला, "स्वतःच्या आईची छाती वाचता आली नाही, आणि म्हणे डॉक्टर!" मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं. तू मान खाली घातलीस आणि म्हणालास, "खरं आहे, मामा." मला एक वाक्य बोलायचं होतं. मी चहा वाटला. मामालाही दिला, साखर किती म्हणून विचारलं.

आणि नंतर मामाशी बोलणं टाकायला सगळ्यांना मीच लावलं. त्याच्या बोलण्याने दादा मोडला, त्याच्यामुळे नोकरी सोडून गेला, असं मी घरोघर सांगत फिरले. म्हातारा माणूस. दोनदा मला फोन करून रडला.

आता मला थांबवत नाही. उद्या साहेबांना सांगणार आहे, आणि मग सगळ्या हॉस्पिटलांना. तू परत ये असं म्हणत नाही. एवढंच, की ज्या चुकीपायी तू परीक्षानळ्या धुतो आहेस ती तुझी नाही. तुझी खुर्ची तुझी आहे. माझ्याशी नातं ठेवायचं की नाही ते मग तू ठरव.

ठिपके

२७ फेब्रुवारी

दादा,

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पडद्याच्या खाली बारीक अक्षरात लिहिलंय ना, चित्र फक्त अंदाजासाठी म्हणून? मग आपण मोकळे." मी म्हटलं, साहेब, हे मी जुलैपासून स्वतःला सांगते आहे, चालत नाही. ते म्हणाले, पत्र गेलं तर तू घरी. पत्र गेलं. मी घरी आहे.

एक्केचाळीस पत्रं लिहिली, माझ्या नावाने, माझ्या सहीने. दोष काय होता, कधीपासून होता, मला कधी कळला. जुने छातीचे सगळे स्कॅन काप काप करून पुन्हा तपासा. मला वाटलं होतं लोक शिव्या देतील. मी शिव्यांची वाट बघत होते म्हण ना.

पहिलं उत्तर आलं, "सदर तपासणी ऑक्टोबरमध्येच पूर्ण केली आहे." मला वाटलं, कारकुनाने भलतंच काहीतरी उत्तर धाडलं. दुसरं आलं, तेच. तिसरं आलं तेव्हा मी फोन लावला. म्हातारे डॉक्टर होते, मोठ्याने बोलणारे. म्हणाले, "अहो, तुमच्या भावाचा फोन आला होता ना, ऑक्टोबरच्या अठरा-एकोणीसला! म्हणाले, माझ्या हातून एक गाठ सुटली आहे, तुम्हीही चित्रावर विसंबून पाहिलेल्या केसेस पुन्हा उघडा. मी विचारलं, प्रोग्रामात काही गडबड आहे का? तर म्हणाले, छे, प्रोग्राम उत्तम आहे, मीच आळस केला. आमच्याकडे एक बसचालक सापडला. वेळेत सापडला. बरा होतोय."

त्यानंतर मी उत्तरं आली तशी फक्त मोजली. एकतीस आली आहेत. एकतीसच्या एकतीस उत्तरांत तेच आहे.

मग टेक्निशियनबाईंना फोन केला. त्या आधी बोलायला तयार नव्हत्या. म्हणाल्या, डॉक्टरांनी शपथ घातली आहे. मी रडले, तेव्हा सांगितलं. आई गेल्यानंतर तू नऊ दिवस रजेवर असूनही तिथे येऊन बसत होतास. तू वाचलेले सगळे स्कॅन परत उघडून तपासलेस, सहाशे की सातशे. दोन माणसं सापडली, त्यांच्या घरी स्वतः जाऊन माफी मागितलीस. आणि शेवटच्या दिवशी दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी लावलेस, एकावर माझं जुनं व्हर्जन, एकावर ऑगस्टचं, आणि दोन्हींवर आईचा स्कॅन उघडलास. "एकावर ती गाठ होती, ताई, एकावर नव्हती. डॉक्टर उठले आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन कोणाला तरी फोन लावला. आत आले ते राजीनाम्याचा कागद मागत."

कोणाला फोन लावला ते त्यांना माहीत नाही.

दादा, हे मी चारही पत्रांत लिहिलं नाही. पहिल्या पत्रापासून टाळत आले, कारण मला वाटत होतं की तुझ्या लेखी तो साधा फोन होता. सोळा ऑक्टोबर, दुपारचे चार. तू आधी विचारलंस, "जेवलीस का?" मी म्हटलं, हो. मग म्हणालास, "ठिपके, ऑगस्टच्या व्हर्जनमध्ये काय बदललंस गं?"

मी म्हटलं, "काही नाही रे. रंग जरा उठावदार केले."

मागे कुठेतरी ट्रॉली ढकलल्याचा आवाज येत होता. मग म्हणालास, "नक्की?"

"नक्की."

"बरं. ठेवतो."

तू मामामुळे गेला नाहीस. चूक तर तू केव्हाच पोटात घातली होतीस, एकतीस ठिकाणी तरी स्वतःच्या नावावर चढवून टाकली होतीस. मला कोणी काही बोलू नये म्हणून तू माझा प्रोग्राम उत्तम आहे असं सांगत राहिलास. माझ्याकडून तुला फक्त एक खरं उत्तर हवं होतं, आणि प्रश्न तू इतक्या हळू आवाजात विचारला होतास की त्यात रागाचं नावही नव्हतं. दोनदा विचारलंस. मी दोन्ही वेळा खोटं बोलले.

दोन महिने मी तुला पत्रातून माफ करत होते, स्वतःची बाजू सांभाळून, हप्त्याहप्त्याने खरं सांगत. आणि तू प्रत्येक पत्र वाचताना बघत असशील की ही आता तरी सोळा तारखेपर्यंत येते का.

आले. फार उशिरा आले.

वहिनी म्हणाली, तू पत्रं उघडतोस, नीट वाचतोस, घडी घालून ठेवतोस आणि काही बोलत नाहीस. मी तिकडे येणार नाही, घाबरू नकोस. दारात उभी राहून तुला अवघडवायचं तोंड मला राहिलेलं नाही. काल मामाकडे गेले होते, त्याला सगळं सांगितलं. त्याने मला मारलं नाही. तुझा पत्ता त्यालाही हवा होता. तुला विचारल्याशिवाय दिला नाही.

मी आता दिवसभर घरीच असते. फोन जवळ असतो. तू काहीही बोलू नकोस, जेवलीस का तेही विचारू नकोस. पण दादा, तो प्रश्न तेवढा मला एकदा परत विचार.

ठिपके